पहिला भोंगा, दुसरा भोंगा

लालबागेतल्या आमच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ आलं ते १९६९ साली, धाकट्या काकांच्या लग्नातला आहेर म्हणून. त्याला दर शनिवारी चावी दिली जायची, गणपतीच्या आधी त्याची काच पुसली जायची आणि पाहुण्यांना ते नीट दिसेल अशा बेताने त्यांना बसवलं जायचं. वेळ बघायला मात्र त्याच्याकडे कोणी मान वर करत नसे. आईची खानावळ होती. जेवायला बावीस-पंचवीस माणसं, बहुतेक आमच्या संगमेश्वराकडची, आणि तो सगळा कारभार चालायचा गिरणीच्या भोंग्यावर. "पहिला झाला का गं?" आई शेगडीपाशी बसून विचारायची. "दुसऱ्याच्या आत आमटी उतरली पाहिजे." किती वाजले, हा प्रश्न आमच्या घरात प्रथम विचारला तो बहुधा मीच, शाळेत जायला लागल्यावर.

पुढे महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवताना माझ्या लक्षात आलं की पाठ्यपुस्तकात गिरण्या आहेत, मालक आहेत, संप आहेत, पण अख्ख्या परळ-लालबागला उठवणारा तो आवाज कुठेच नाही. तेव्हापासून मी तो शोधत आले.

भोंगा का लागला, हे कळायला गिरणीच्या पोटात शिरावं लागतं. हातमागावरचा विणकर त्याच्या सोयीने मागावर बसतो. मधेच उठून चहा घेतला तर फक्त त्याचाच माग थांबतो. वाफेवरच्या गिरणीत तसं चालत नाही. खाली इंजिनघरात एकच भलं मोठं इंजिन. त्याच्या चाकावरून जाड दोर निघून मजल्यामजल्यावरचे लोखंडी दांडे फिरवायचे आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे प्रत्येक साच्यापर्यंत, म्हणजे मागापर्यंत, उतरायचे. इंजिन सुरू झालं की शेकडो साचे एकदम सुरू. साच्यापुढे माणूस नसेल तर कोळसा जळतो आणि कापड निघत नाही. म्हणून हजार-दोन हजार माणसं ठरल्या मिनिटाला जागेवर हवीत, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही घरी घड्याळ नाही. बॉयलर होताच, वाफ होतीच. त्या वाफेतली थोडी एका बारीक गोल फटीतून सोडायची आणि वर उपड्या घातलेल्या धातूच्या भांड्याच्या कडेवर आपटवायची, की झाला भोंगा. भांडं लांब असेल तर आवाज खर्जातला, आखूड असेल तर चिरका. म्हणून प्रत्येक गिरणीचा आवाज वेगळा. आमच्या चाळीत तीन गिरण्यांचे भोंगे नीट ओळखू यायचे. त्यांतल्या एकाला सगळे 'रेडा' म्हणायचे आणि एकाला 'रडुबाई'. वाफेचं इंजिन जाऊन विजेच्या मोटारी आल्या, वाफेच्या शिटीच्या जागी विजेचा सायरन आला, तरी लोकांच्या तोंडी भोंगा तो भोंगाच राहिला.

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी १८५४ साली काढली आणि दोन वर्षांनी तिथे सूत निघायला लागलं. त्या काळात गिरणी चाले ती उजाडल्यापासून मावळेपर्यंत, कारण दिवे लावून सूत काढायचं म्हणजे खर्च आणि आगीची भीती. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त; थंडीत जरा कमी. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. घड्याळ नसलेल्या माणसाने अंधारात उठायचं तरी कशाच्या भरवशावर? आमचे आजोबा त्यांच्या वडिलांचं सांगत, की चांदणं फसवायचं. पहाट झाली असं समजून माणूस भाकरी बांधून निघायचा आणि गिरणीच्या दारात येऊन बघतो तर अजून रात्रच. मग तिथेच पायरीवर मुंडासं उशाला घेऊन झोपायचं. उशीर झाला तर दिंडी दरवाजा बंद, दिवसाचा खाडा, आणि जॉबर, म्हणजे मुकादम, बाहेरच्या गर्दीतला दुसरा बदली उचलून आत नेणार. उशीर होण्यापेक्षा पायरीवरची झोप परवडायची.

अशा काळात कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वेळेचा प्रश्न मांडला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्या-अंगठ्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या मला आजही चकित करतात. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि मावळतीला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पाहा, पगार वाढवा असं यात नाही; बहुतेक मागण्या वेळेच्या आहेत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन बायकाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर रविवारी 'हॅपी संडे' येतं तेव्हा मी लोखंड्यांचं नाव टाकते. कोणी उत्तर देत नाही.

मग वीज आली. विजेचे दिवे गिरणीत लागल्यावर मावळतीचा लगाम सुटला. मालाला उठाव आला की भोंगा पहाटे आणखी अलीकडे आणि सुटीचा रात्री आणखी पलीकडे. १९०५ च्या तेजीत कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या. त्याच वर्षी कामगार या तासांविरुद्ध उठले आणि वर्तमानपत्रांतूनही बरीच टीका झाली. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की १९०५ साल संपताना गिरणी कामगाराचा भोंग्यावरचा विश्वास पार उडालेला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी सरकारने सगळी घड्याळं पुढे केली.

मुंबईची स्वतःची वेळ होती, इथल्या सूर्यावर बेतलेली. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले, जी मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये, सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना, सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावण्यात आली आणि शहराने ती मनावर घेतली नाही. विद्यापीठाने राजाबाई टॉवरवर मुंबईची वेळ दाखवायचं ठरवलं, तर सरकारने रात्री ते घड्याळ उजळायचा खर्च द्यायचं नाकारलं. १८८३ मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली. पण १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. घड्याळ ३९ मिनिटं पुढे. काही दिवसांतच जेकब ससून गिरणीच्या हजारो कामगारांनी काम नाकारलं, दगडफेक झाली.

इंग्रजी लिहिणाऱ्यांना त्यात अडाणीपणा दिसला. घड्याळाचा काटा सरकवला म्हणून कोणी दगड मारतं का? सकाळी ३९ मिनिटं लवकर आलात तर संध्याकाळी तेवढीच लवकर सुटाल, हिशोब बरोबर आहे. मला हा हिशोब कधी पटला नाही. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो नव्या वेळेने सव्वासातच्या सुमारास, म्हणजे जुन्या वेळेने साडेसहाला. जो माणूस सहाच्या भोंग्याला आत जायचा, त्याला आता आणखी ३९ मिनिटं आधी, मिट्ट काळोखात आणि थंडीत जायचं. सकाळची ती मिनिटं नक्की जाणार होती. संध्याकाळची परत मिळतील, हे सांगत होता कोण? वर्षभरापूर्वी विजेचे दिवे लावून ज्यांनी दिवस ताणला होता, तेच. आजोबा म्हणायचे, "गिरनीचं घड्याळ सकाळी घोड्यावर, सांजचं बैलगाडीत." अशा घड्याळाला आणखी पुढे ढकलायचं म्हटल्यावर माणसाने काय करावं? मला तर त्या दगडामागे चोख व्यवहारज्ञान दिसतं.

बड्या लोकांनाही ही नवी वेळ मान्य नव्हती, पण त्यांनी दगड मारले नाहीत, ठराव केले. फिरोजशहा मेहतांच्या महापालिकेने त्याच वर्षी पुन्हा मुंबईची वेळ धरली आणि पुढे कित्येक दशकं, स्वातंत्र्य आल्यानंतरही काही वर्षं, पालिकेची घड्याळं ३९ मिनिटं मागेच राहिली. एका शहरात दोन वेळा. आईच्या ट्रंकेत एक जुनी लग्नपत्रिका आहे. तिच्यात मुहूर्ताच्या मिनिटांपुढे 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, असं छापलंय. लहानपणी मला ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं.

फोर्टातल्या आवाजाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने राजाबाई टॉवरला पैसे दिले; १८७८ मध्ये तो बांधून झाला. त्यांची आई अंध होती, जैन होती, सूर्यास्ताआधी जेवायची, म्हणून तिला टोल ऐकू यावेत अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. टॉवरमधून एकेकाळी टोलांबरोबर सोळा धुनी वाजत. मी मुलांना सहलीला तिथे नेत असे, आणि ती मान वर करून बघत. भायखळ्याच्या वरच्या अंगाला त्याच काळी वाजणाऱ्या आवाजाला ना धून, ना मनोरा, ना आख्यायिका. टॉवर वेळ सांगायचा, ऐकलं न ऐकलं तुमची मर्जी. भोंगा हुकूम द्यायचा.

कायदे हळूहळू आले. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस. भाषणांत हा विजयाचा पाढा म्हणून म्हटला जातो आणि तो विजय आहेच. पंधरा तासांवरून आठांवर येणं काही थोडं नाही. पण कामाचे तास कमी झाले म्हणून यंत्र थोडंच विसावा घेणार होतं? तासांच्या पाळ्या झाल्या. पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात. गिरणी चोवीस तास, भोंगा चोवीस तास. आणि इथे मला आईबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्याबद्दल एकाही कायद्यात कलम नाही.

गिरणगावात बहुसंख्य पुरुष बायकापोरं गावी ठेवून एकटे राहायचे. दहा बाय बाराच्या गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण, तेही पाळीने. एक उठून गेला की दुसरा त्याच वळकटीवर आडवा. या माणसांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या नसत्या तर एकही गिरणी चालली नसती. पहिल्या पाळीवाल्यांचा डबा पहिल्या भोंग्याआधी तयार हवा, म्हणजे आई चारला उठणार. सातला रातपाळी सुटली की ती मंडळी आंघोळ करून पानावर. अकराला दुसऱ्या पाळीवाल्यांचं जेवण. साडेतीनला पहिली पाळी परत. रात्री आठला पंगत. साडेअकराला तिसरी पाळी निघायच्या आधी दोन घास. आणि बाराच्या भोंग्यानंतर दुसरी पाळी सुटून आलेल्यांचं झाकून ठेवलेलं ताट. जसजसा गड्यांचा दिवस आखडत गेला तसतसा बाईचा लांबत गेला. १९२० साली खानावळ चालवणारी बाई भोंग्याच्या दोन टोकांच्या अलीकडे-पलीकडे थोडी तरी झोपत असेल. १९७० साली माझी आई दोन भोंग्यांच्या मधे तुकड्यातुकड्याने झोपायची. त्यात हिशोबाच्या वहीत उधारी, वाण्याकडे तिची स्वतःची उधारी, आणि व्याजाने पैसे देणारा पठाण दारात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा या धंद्याची पहिल्यांदा कुठेतरी धंदा म्हणून नोंद झाली.

पंगतीत कोण बसणार, हे भोंगा ठरवत नसे. आमच्याकडे आमच्याच गावचे, आमच्याच जातीचे. गिरणीतही तसंच. साचेखात्यात दलितांना घेत नसत, कारण कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. भोंगा सगळ्यांना एकाच वेळी आत बोलवायचा. आत गेल्यावर वाटा वेगळ्या.

बाबा साचेखात्यात होते. तिथला आवाज बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. लाकडी धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत मिनिटाला दीडशेच्या वर वेळा आपटायचा, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली. शेजारच्याशी बोलायचं तर ओठांच्या हालचालींवर आणि बोटांच्या खुणांवर. दोन बोटं ओठांपाशी नेली की विडी, मनगटावर टिचकी मारली की सुटायला किती वेळ. या खुणा घरीही यायच्या. बाबा जेवताना मीठ बोटांनीच मागत. अशा खात्यात वर्षानुवर्षं काम केलं की कान जातो, पण सगळा एकदम जात नाही. आधी जातात ते उंच स्वर. स, श, त, फ ऐकू येत नाहीत. आ, ओ, ऊ येत राहतात. माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, फक्त लोक पुटपुटायला लागलेत. माझ्या लेकीचं बोबडं बोलणं बाबांना कधी कळलं नाही, दुधाचं उतू जाणं कळत नसे, आईच्या बांगड्या तर नाहीच. भोंगा मात्र शेवटपर्यंत ऐकू यायचा, कारण तो खर्जातला. 'रेडा' ओरडला की झोपेतूनही पाय जमिनीवर.

गिरणगावातली माणसं भांडल्यासारखी बोलतात, असं दादरपलीकडचे लोक हसून म्हणायचे. आमच्याकडे शाहिरी फोफावली तिचं श्रेय सगळे चळवळीला देतात. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचे खडे आवाज ऐकणाऱ्यांतल्या कितीजणांना मऊ आवाज ऐकूच आला नसता, याचा विचार कोणी केलेला मला दिसला नाही. असो, हे माझं आपलं एक खूळ.

हल्ली गिरणगावच्या आठवणींचे कार्यक्रम होतात. चिमणीचा फोटो असतो, वडापाव असतो, आणि कोणीतरी डोळे पुसत सांगतो की भोंगा गेला आणि जीव गेला. असं सांगणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांतले बरेच गिरणीत कधी गेलेलेच नसतात. एकदा आईला मी अशा कार्यक्रमाला नेलं होतं. भोंग्याचा ध्वनिमुद्रित आवाज लावला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. आईने मला विचारलं, "आता कोणाचं जेवण राहिलंय?"

१८ जानेवारी १९८२, सोमवार. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आमच्या चाळीमागच्या गिरणीचा भोंगा पहिले काही आठवडे नेहमीच्या वेळी वाजतच राहिला. आत माणूस नाही, साचा हलत नाही, आणि भोंगा मात्र सातला, साडेतीनला, बाराला. चाळीतली पोरं त्याला ओरडून उत्तर द्यायची. बाबा पहिल्या पाळीच्या भोंग्याला उठून तोंड धुऊन बसायचे आणि मग काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही. उन्हाळा लागायच्या सुमाराला भोंगा बंद झाला. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही, तशी भोंगा बंद झाल्याचीही नाही.

आईने प्रथमच लग्नातल्या त्या घड्याळाकडे बघून स्वयंपाक करायला घेतला. ते दहा मिनिटं पुढे होतं, हे तेव्हा कळलं. पाळ्याच नव्हत्या, मग पंगती कसल्या? मंडळी कधीही यायची, एकच वेळ जेवायची, पोटभर जेवायला संकोचायची. आईने सकाळी अकराची एकच पंगत ठेवली आणि भाताचं प्रमाण वाढवून पोळ्या कमी केल्या. वाण्याने गणपतीपर्यंत उधार दिलं, दिवाळीला हात जोडले. ज्यांची गावाकडे शेती होती ते एकेक करून निघून गेले. जाताना वहीतला आपला आकडा आईकडून वाचून घेत आणि मान हलवत. आईने आकड्यांखाली रेघ मारली नाही. ती दुसऱ्यांकडे पोळ्या लाटायला जायला लागली, मी शाळेच्या पगारातून वाण्याचं फेडत राहिले.

वर्ष-दीड वर्षाने मनीऑर्डरी यायला लागल्या. वीस रुपये, पस्तीस रुपये. एकीच्या कुपनावर कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'वैनी, उरलेले भात झोडल्यावर.' ते उरलेलेही आले. सगळ्यांचे आले नाहीत.